'चार्ज' : एक शब्द, अनेक भार

तालुक्याच्या गावी कामानिमित्त एक दिवस घालविणाऱ्या माणसाच्या कानावर 'चार्ज' हा शब्द किती वेळा आणि किती अर्थांनी पडतो, याची कोणी नोंद ठेवली तर ती मोठी उद्बोधक ठरेल. पंचायत समितीत नवे गटविकास अधिकारी 'चार्ज' घेत असतात. त्याच आवारात कोणा ग्रामसेवकाकडे शेजारच्या गावाचा 'ॲडिशनल चार्ज' आल्याची चर्चा चालू असते. वीज कार्यालयाच्या खिडकीपाशी एक गृहस्थ 'फिक्स्ड चार्ज' कसला, म्हणून विचारीत असतात, न्यायालयाच्या ओसरीवर कोणावर तरी 'चार्ज फ्रेम' झाल्याचे सांगितले जात असते, बँकेत एका शेतकऱ्याच्या जमिनीवर 'चार्ज' चढविण्याचे कागद तयार होत असतात, आणि एस. टी. स्थानकावर एखादा तरुण मोबाईल 'चार्ज' करण्यासाठी भिंतीवरचे भोक शोधीत असतो. इतके सगळे अर्थ एकाच दिवशी एकाच गावात सुखाने नांदतात. कोणाचा गोंधळ होत नाही, कारण बोलणारा समोर असतो आणि प्रसंग अर्थ सांगून जातो.

कागदावर मात्र प्रसंग नसतो. "सदर रक्कम आपणावर चार्ज करण्यात येत आहे" असे एक वाक्य कार्यालयीन पत्रात आले आणि ते एखाद्या माजी सरपंचाच्या हाती पडले, असे समजा. या वाक्याचा अर्थ तीन प्रकारे लागू शकतो. रक्कम शुल्क म्हणून भरावयाची आहे. लेखापरीक्षणात निघालेले नुकसान त्यांच्याकडून वसूल व्हावयाचे आहे. किंवा त्या रकमेच्या अपहाराचा आरोप त्यांच्यावर ठेवला गेला आहे. पहिल्या अर्थी पैसे भरून पावती घ्यावी, दुसऱ्या अर्थी मुदतीत खुलासा करावा आणि तिसऱ्या अर्थी वकील गाठावा. ज्याला पत्र आले त्याची रात्र कोणत्या विचारात जावयाची, हे त्या एका शब्दावर अवलंबून राहते. म्हणून या शब्दाचा थोडा खोलवर विचार करणे हे केवळ भाषेच्या हौसेचे काम नाही.

शब्दाचे कूळ

'चार्ज' हा शब्द इंग्रजीत फ्रेंच भाषेतून आला आणि फ्रेंचने तो उत्तरकालीन लॅटिनमधून घेतला. लॅटिनमध्ये 'कॅरस' म्हणजे गाडी, छकडा. त्यावरून क्रियापद झाले ते गाडीत माल भरणे, ओझे लादणे या अर्थाचे. 'कार', 'कॅरी' आणि 'कार्गो' हे याच घराण्यातील शब्द होत. व्यंगचित्राला इंग्रजीत जो 'कॅरिकेचर' शब्द आहे, तोही इटालियनमार्गे याच मुळापर्यंत पोहोचतो. चेहऱ्यावर वाजवीपेक्षा जास्त ओझे लादले की तो होतो.

मूळ अर्थ 'ओझे लादणे' हा एकदा ध्यानात आला की पुढील सारे अर्थ आपोआप उलगडत जातात. जबाबदारीचे ओझे लादले की तो अधिकारपदाचा 'चार्ज'. किमतीचे ओझे लादले की तो पैशाचा 'चार्ज'. दोषाचे ओझे लादले की तो न्यायालयातील 'चार्ज'. मिळकतीवर कर्जाचे ओझे लादले की तो जमिनीवरील 'चार्ज'. बंदुकीत दारू ठासली की तोही 'चार्ज', आणि काचेच्या बरणीत वीज साठविली की तोही 'चार्ज'.

आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. या निरनिराळ्या अर्थांसाठी मराठीत जे प्रतिशब्द रूढ झाले, ते निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या खात्यांत, एकमेकांची विचारपूस न करता आले; तरीही त्यांतील बहुतेकांच्या पोटात ओझ्याचीच कल्पना आहे. कार्यभार, पदभार, प्रभार, अधिभार आणि भारित या शब्दांत 'भार' उघडच दिसतो. 'बोजा' म्हणजे तर ओझेच. 'आरोप' या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ वर ठेवणे, चढविणे असा आहे. वृक्षारोपणातील 'आरोपण' तेच. मराठीत आपण आरोप 'ठेवतो' आणि बोजा 'चढवतो', ही क्रियापदेही त्याच कल्पनेची साक्ष देतात. इंग्रजीने एकाच शब्दावर सर्व ओझी लादली. मराठीने प्रत्येक ओझ्याला वेगळे नाव दिले. हिशेब, फिर्याद आणि नेमणूक यांची गल्लत होऊ नये अशी ज्या कारभाराची इच्छा असेल, त्याला ही सोय फारच मोलाची आहे. आणि 'चार्ज' हा एकच शब्द सर्वत्र वापरून आपण ती हातची घालवतो.

कार्यभार आणि ताबा

अधिकारपदाच्या संदर्भात 'कार्यभार' आणि 'पदभार' हे दोन्ही शब्द चालतात. अधिकारी कार्यभार स्वीकारतो, सोपवितो. एका पदावर असताना दुसऱ्या पदाचे काम आले की तो अतिरिक्त कार्यभार होतो. नियमित नेमणूक होईपर्यंत काम पाहणारा मुख्याध्यापक प्रभारी मुख्याध्यापक म्हणविला जातो. इथपर्यंत शब्द सरळ आहेत.

परंतु "चार्ज दिला" या बोलीतील वाक्यात दोन क्रिया दडलेल्या असतात. एक अधिकाराची, दुसरी वस्तूंची. नव्या माणसाने पदावर रुजू झाल्याच्या अहवालावर सही केली की पहिली क्रिया पुरी होते. दुसरी पुरी व्हावयाची तर सामान्य रोकडवही, पावती पुस्तके, धनादेश पुस्तिका, ग्रामसभेची व मासिक सभेची इतिवृत्ते, मोजमाप पुस्तिका, जडसंग्रह नोंदवही, शिक्के आणि कपाटांच्या किल्ल्या यांची यादी करून, एकेक बाब पडताळून, दोघांच्या सह्या व्हाव्या लागतात. ग्रामपंचायतींच्या कारभारातील कितीतरी जुनी दुखणी या दोन क्रियांमधील अंतरात जन्म घेतात. बदली झालेले ग्रामसेवक कार्यमुक्त होऊन निघून जातात, नवे रुजू होतात, आणि चार वर्षांनी लेखापरीक्षणात एखादे पावती पुस्तक मागितले की जुने म्हणतात "चार्जमध्ये दिले", नवे म्हणतात "चार्जमध्ये मिळाले नाही". दोघेही 'चार्ज' हाच शब्द वापरतात. एकाच्या मनात पद असते, दुसऱ्याच्या मनात पुस्तक. त्यापेक्षा पदासाठी 'कार्यभार' आणि दप्तर, रोकड व वस्तूंसाठी 'ताबा' असे दोन शब्द लिहिण्याची शिस्त ठेवली आणि यादीशिवाय ताबा पूर्ण झाल्याचे न लिहिले, तर वादाचे मूळच नाहीसे होईल.

हल्ली यात एका नव्या वस्तूची भर पडली आहे. वित्त आयोगाच्या निधीतील रकमा संगणक प्रणालीद्वारे अदा करताना सरपंच आणि ग्रामसेवक यांच्या डिजिटल स्वाक्षऱ्या लागतात. त्या स्वाक्षरीचे साधन बोटाएवढे असते आणि कपाटाच्या किल्लीसारखे दिसते. म्हणून काही ठिकाणी तेही 'चार्जमध्ये' पुढच्याच्या हाती देण्याचा मोह होतो. हे सर्वथा गैर आहे. किल्ली कार्यालयाची असते, स्वाक्षरी माणसाची असते. जुन्या व्यक्तीची स्वाक्षरी प्रणालीतून काढून नव्या व्यक्तीची नोंदविणे हाच मार्ग आहे, मग त्यात आठ-पंधरा दिवस मोडले तरी हरकत नाही.

जनगणनेच्या कामात याच अर्थाची एक वेगळी छटा भेटते. तेथे 'चार्ज' म्हणजे एका अधिकाऱ्याच्या जबाबदारीचे क्षेत्र. ग्रामीण भागात सामान्यतः तहसीलदार हा चार्ज अधिकारी असतो, त्याच्या हाताखाली पर्यवेक्षक आणि त्यांच्या हाताखाली प्रगणक. आणि प्रगणक म्हटले की बहुधा आपले प्राथमिक शिक्षकच. येथे 'चार्ज' हा संज्ञेसारखा ठरून गेला आहे, तो बदलण्याचा आग्रह धरण्यात स्वारस्य नाही.

सातबाऱ्यावरील बोजा

ग्रामीण जीवनाशी ज्या अर्थाचा सर्वांत निकटचा संबंध येतो तो म्हणजे जमिनीवरील 'चार्ज', अर्थात बोजा. मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या अधिनियमाच्या कलम १०० मध्ये याचे स्वरूप सांगितले आहे. एका व्यक्तीची स्थावर मिळकत दुसऱ्याच्या पैशाच्या फेडीसाठी, पक्षकारांच्या कृतीने किंवा कायद्याच्या योगे, तारण ठरली आणि तो व्यवहार गहाणाचा नसेल, तर त्या दुसऱ्या व्यक्तीचा त्या मिळकतीवर 'चार्ज' आहे असे म्हणतात. गहाण आणि बोजा यांतील भेद बारीक असला तरी खरा आहे. गहाणात मिळकतीतील काही हितसंबंध सावकाराकडे जातो. बोज्यात तो जात नाही, मिळकतीतून पैसे वसूल करण्याचा हक्क तेवढा निर्माण होतो. लोकांच्या तोंडी मात्र दोहोंना 'जमीन अडकली' हा एकच शब्दप्रयोग आहे.

सहकारी सोसायटीचे कर्ज घेताना सभासद जे घोषणापत्र लिहून देतो आणि ज्याला गावात 'इकरार' म्हणतात, त्यामागे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चे कलम ४८ आहे. या घोषणापत्राने जमिनीवर संस्थेचा बोजा निर्माण होतो, आणि कर्जाची पुरी फेड होईपर्यंत ती जमीन मोकळेपणी दुसऱ्याच्या नावे करून देता येत नाही. या बोज्याची नोंद फेरफाराने होऊन गाव नमुना सातमध्ये इतर अधिकारांच्या रकान्यात उमटते.

येथे जे घडते ते पंचायत सदस्यांनी विशेष लक्षात घ्यावे. कर्ज फिटले म्हणजे बोजा आपोआप उतरतो, असा पुष्कळांचा समज असतो. कायद्याच्या दृष्टीने देणे संपते हे खरे. परंतु कागदावरची नोंद स्वतःहून पुसली जात नाही. ती लिहिण्यासाठी जसा फेरफार घालावा लागला, तसाच ती कमी करण्यासाठीही घालावा लागतो. संस्थेकडून बेबाकी दाखला घ्यावा, तो तलाठ्यांकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, अर्जासह द्यावा, पोच घ्यावी आणि मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केल्यावर नवा उतारा काढून स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा. वडिलांनी फेडलेल्या कर्जाचा बोजा मुलाला खरेदीखताच्या आदल्या दिवशी उताऱ्यावर दिसावा, तोवर संस्थेचे जुने सचिव निवृत्त झालेले असावेत आणि दाखल्यासाठी पावत्यांची शोधाशोध सुरू व्हावी, असे प्रसंग गावोगावी घडतात. 'चार्ज' ऐवजी 'बोजा' हा शब्द येथे अधिक उपयोगाचा आहे, तो याच कारणासाठी. बोजा म्हटले की तो उतरवावा लागतो, हे शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

दोषाचा भार

फौजदारी न्यायाच्या क्षेत्रात 'चार्ज' आणि 'चार्जशीट' या दोन शब्दांनी फार घोटाळा केला आहे. वृत्तपत्रांत "चार्जशीट दाखल" असे वाचले की गावातील लोक त्या माणसाला गुन्हेगार मानून मोकळे होतात. प्रत्यक्षात तपास संपल्यावर पोलीस न्यायालयाला जो अहवाल देतात, त्याला व्यवहारात चार्जशीट किंवा दोषारोपपत्र म्हणतात. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ मध्ये त्याचा निर्देश पोलीस अहवाल असाच आहे. पूर्वीच्या १९७३ च्या संहितेत ते कलम १७३ होते. हा अहवाल म्हणजे पोलिसांचे मत. तो वाचून, दोन्ही बाजू ऐकून न्यायालय स्वतः जो आरोप निश्चित करते तो खरा 'चार्ज', म्हणजे दोषारोप. आणि तोही सिद्ध झालेला नसतो. आता सिद्ध करून दाखवा, असे त्याने सरकार पक्षाला सांगितलेले असते. म्हणजे अहवाल, दोषारोप आणि दोषसिद्धी या तीन पायऱ्या आहेत. त्यांतल्या पहिल्या पायरीवरच गाव निकाल देऊन टाकते.

दोषारोप कसा लिहावा, हे नव्या संहितेच्या कलम २३४ मध्ये सांगितले आहे. त्यातील एक वाक्य भाषेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे: दोषारोप न्यायालयाच्या भाषेत लिहिला पाहिजे. महाराष्ट्रात उच्च न्यायालयाच्या दुय्यम न्यायालयांची भाषा १९९८ च्या अधिसूचनेने, काही अपवाद वगळता, मराठी ठरली आहे. शिवाय दोषारोप आरोपीला नुसता वाचून दाखवून भागत नाही, तो समजावून द्यावा लागतो. ज्याच्या डोक्यावर ओझे ठेवावयाचे त्याला ते काय आहे हे कळले पाहिजे, एवढा साधा न्याय त्यामागे आहे.

हाच न्याय शासकीय सेवकाला संविधानाच्या अनुच्छेद ३११ ने दिला आहे. दोषारोप कळविल्याशिवाय आणि बचावाची वाजवी संधी दिल्याशिवाय त्याला बडतर्फ करता येत नाही, सेवेतून काढता येत नाही किंवा पदावनतही करता येत नाही. अपवाद मोजके आहेत. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ च्या नियम ८ नुसार विभागीय चौकशीचे जे ज्ञापन दिले जाते, त्याच्या जोडपत्रांत दोषारोप, त्यांचे विवरण, कागदपत्रांची यादी आणि साक्षीदारांची यादी अशी मांडणी असते. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांसाठी १९६४ चे स्वतंत्र नियम आहेत. चौकशीत कर्मचारी सुटतो तो पुष्कळदा दोषारोप मोघम लिहिल्यामुळे. "कामात हलगर्जीपणा केला" हा दोषारोप नव्हे, तो शेरा झाला. कोणत्या दिवशी, कोणते काम, कोणत्या आदेशाविरुद्ध, किती रकमेचे, हे लिहिले म्हणजे दोषारोप होतो. आणि निर्दोष माणसालाही उत्तर देता येते ते अशाच दोषारोपाला.

'चार्ज'चा आणखी एक न्यायालयीन अर्थ आज आपल्याकडे इतिहासजमा झाला आहे. ज्यूरीची पद्धत होती तेव्हा, पंचांनी निर्णयासाठी आत जाण्यापूर्वी न्यायाधीश त्यांना पुरावा व कायदा समजावून सांगत. त्या भाषणालाही 'चार्ज'च म्हणत. पंचांवर कर्तव्याचा भार ठेवण्याचा तो विधी. मुंबईतील नानावटी खटल्यात या अर्थाने फार मोठे काम केले. १९५९ मध्ये ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी नौदल अधिकारी नानावटी यांना निर्दोष ठरविले. सत्र न्यायाधीशांना तो कौल पटला नाही व त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले. पंचांना केलेल्या त्या भाषणातच कायद्याचे चुकीचे मार्गदर्शन झाले होते, असे उच्च न्यायालयाने ठरविले, नानावटी यांना खुनाबद्दल दोषी धरले, आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. एकाच खटल्यात आरोपीवरचा 'चार्ज' निराळा आणि पंचांपुढचा 'चार्ज' निराळा. पहिल्याच्या निकालाचे भवितव्य ठरले ते दुसऱ्याच्या शब्दयोजनेवरून! १९७३ च्या संहितेत ज्यूरीची तरतूद राहिली नाही.

आकार, शुल्क, पट्टी

पैशाच्या संदर्भात मराठीजवळ शब्दांची श्रीमंती आहे, पण ती जपून वापरली पाहिजे. महावितरणचे देयक काढून पाहावे. त्यावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार अशा बाबी एकाखाली एक असतात आणि त्यांच्याजवळच 'वीज शुल्क' ही वेगळी बाब असते. आकार हा वीज पुरविणाऱ्या कंपनीचा मोबदला आहे. शुल्क हे महाराष्ट्र विद्युत शुल्क अधिनियम, २०१६ खाली राज्य शासनाकडे जाणारे देणे आहे. दोहोंना 'चार्ज' म्हटले की कंपनी आणि शासन यांतील भेद ग्राहकाच्या दृष्टीआड होतो, आणि तक्रार भलत्याच दारात जाते. 'आकार' हा शब्द महसूल खात्याचा जुना सोबती आहे. सर्व्हे नंबराचे क्षेत्र आणि त्यावर बसविलेला सारा ज्यात लिहिलेला असतो तो आकारबंद.

ग्रामपंचायतीच्या घरपट्टी व पाणीपट्टी या शब्दांना तर कोणताही कोश सुधारू शकणार नाही. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ मध्ये पंचायतीला कर व फी बसविण्याचे अधिकार आहेत. कर आणि फी यांतील भेद सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये शिरूर मठाच्या प्रकरणात स्पष्ट केला: कर सार्वजनिक प्रयोजनासाठी, विशिष्ट सेवेच्या मोबदल्याविना, फी विशिष्ट सेवेसाठी. पावतीवर नुसते 'चार्ज रु. १००' असे लिहिणाऱ्या पंचायतीने हे कोणत्या खात्यात जमा करणार, हा प्रश्न स्वतःलाच विचारून पाहावा.

भारित खर्च, भार आणि अधिभार

अर्थसंकल्पाच्या पुस्तकांत 'दत्तमत' आणि 'भारित' असे दोन शब्द शेजारी छापलेले असतात. विधानसभेच्या मतास टाकला जातो तो दत्तमत. राज्याच्या एकत्रित निधीवर ज्याचा भार संविधानानेच ठेवला आहे तो भारित. राज्यपालांचे वेतन व भत्ते, विधानमंडळाच्या अध्यक्ष-सभापतींचे वेतन, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन, राज्याच्या कर्जाचे व्याज व परतफेड, न्यायालयांच्या हुकूमनाम्यांची पूर्तता हे अनुच्छेद २०२ खाली भारित आहेत. लोकसेवा आयोगाचा खर्चही अनुच्छेद ३२२ मुळे भारित आहे. यावर चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. वर्षावर्षाच्या बहुमताच्या मर्जीवर न्यायाधीशाचे वेतन किंवा राज्याची पत अवलंबून राहू नये, हा त्यामागील हेतू. गंमत अशी की, अनुच्छेद २०२ च्या इंग्रजी पाठात भारित खर्चाची यादी देताना कर्जाच्या खर्चालाही 'चार्जेस' हाच शब्द योजिला आहे. एका खंडात एक शब्द दोन अर्थांनी. मराठीत तसे लिहिण्याची वेळ येत नाही.

पंचायत व नगरपालिका यांच्या पदाधिकाऱ्यांना याहून जवळचा असा एक अर्थ आहे. स्थानिक निधी लेखापरीक्षेच्या १९३० च्या अधिनियमात 'चार्ज' आणि 'सरचार्ज' हे दोन शब्द वेगळ्या हेतूंनी येतात. कायद्याविरुद्ध केलेला खर्च नामंजूर करून तो करणाऱ्यावर टाकणे, हा अधिभार. हलगर्जीपणामुळे किंवा गैरवर्तनामुळे झालेले नुकसान जबाबदार व्यक्तीवर टाकणे, हा भार. पहिल्यात खर्चाला मान्यता देणारा सापडतो, दुसऱ्यात लक्ष न देणारा. "मी तर नुसती सही केली" हे उत्तर पहिल्याला लागू पडत नाही आणि "मला ठाऊकच नव्हते" हे दुसऱ्याला. ज्या पत्राने या लेखाची सुरुवात केली ते बहुधा याच विषयाचे असणार. त्यात "नुकसानीची रक्कम रु. इतकी, अमुक अधिनियमाखाली, आपणाकडून वसूल का करू नये याचा खुलासा अमुक दिवसांत करावा" असे लिहिले असते, तर वाक्य लांबले असते हे खरे, पण वाचणाऱ्याला आपण कोठे उभे आहोत ते कळले असते.

वर्गातील प्रभार

पोलिसांच्या 'लाठीचार्ज'ला मराठीने लाठीमार हा ठसठशीत शब्द कधीच दिला आहे. त्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. विज्ञानातील 'चार्ज'कडे मात्र शिक्षकांचे लक्ष वेधावेसे वाटते. अठराव्या शतकाच्या मध्यास लायडनची बरणी प्रचारात आली आणि बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७४७ च्या सुमारास विजेच्या संदर्भात धन व ऋण ही भाषा रूढ केली. बरणीत वीज 'भरली' जाते, ही कल्पना गाडीत माल भरण्यापासून फार दूरची नाही. आपल्या पाठ्यपुस्तकांनी यासाठी 'विद्युत प्रभार' हा शब्द घेतला, तो योग्यच आहे.

अडचण येते ती मोबाईलच्या बॅटरीपाशी. बॅटरी 'चार्ज' झाली म्हणजे तिच्यात प्रभार साठला, असे विद्यार्थी सहज म्हणतात. ते बरोबर नाही. भरलेली बॅटरी आणि रिकामी बॅटरी या दोन्हींचा एकूण प्रभार शून्यच असतो. जितका एका टोकाने आत येतो तितकाच दुसऱ्या टोकाने बाहेर जातो. साठते ती रासायनिक स्वरूपातील ऊर्जा. बॅटरीवर पाच हजार मिलीॲम्पिअर-तास असे छापलेले असते, तो आकडा प्रभाराचाच आहे, म्हणजे १८ हजार कूलोम. पण तो मंडलातून फिरून जाणारा प्रभार आहे, आत कोंडलेला नव्हे. आणि विजेच्या देयकावर आपण जो वीज आकार भरतो, तो प्रभाराचा नसून ऊर्जेचा असतो. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. येथे घरगुती बोलण्यात 'मोबाईल चार्ज केला' असे खुशाल म्हणावे, त्याला प्रतिशब्द शोधण्याचा अट्टाहास नको. उत्तरपत्रिकेत मात्र बॅटरी 'प्रभारित झाली' असे लिहिणाऱ्या मुलाला, काय साठले, हा प्रश्न अवश्य विचारावा.

ओझे उतरविणे

'डिस्चार्ज' म्हणजे ओझे उतरविणे. हा शब्दही मूळचा गाडीतून माल उतरविण्याचा. रुग्णालयातून रोग्याला घरी सोडणे, कर्मचाऱ्याला कार्यमुक्त करणे, ऋणातून मुक्त होणे हे अर्थ सरळ आहेत. न्यायालयात मात्र सावध राहावे. दोषारोप ठेवण्यापुरताही आधार नाही म्हणून आरोपीला सोडले, तर ते विनादोषारोप सोडणे. पुरावा होऊन, दोष सिद्ध न झाल्याने सोडले, तर ती दोषमुक्ती. पहिल्या प्रकारात नवा पुरावा मिळाल्यास त्याच गुन्ह्याबद्दल पुन्हा कारवाई होऊ शकते. दुसऱ्यात त्याच अपराधासाठी पुन्हा खटला चालविता येत नाही. वृत्तपत्रे दोहोंना 'निर्दोष सुटका' म्हणतात.

धरणाच्या दारातून सोडलेल्या पाण्याला पाटबंधारे खाते 'विसर्ग' म्हणते, आणि पावसाळ्यात नदीकाठच्या गावांना तो क्युसेकमध्ये कळविला जातो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर. 'विसर्ग वाढविला' असा निरोप ग्रामपंचायतीत आला की पुढचे काय करावयाचे ते नदीकाठच्या माणसाला ठाऊक असते. पण आकड्याबरोबर "पुलावर पाणी येईल, गुरे वर बांधा" हेही दवंडीत सांगावे. याच्या उलट 'रिचार्ज', त्याला 'पुनर्भरण' हा शब्द विहिरींच्या कामांमुळे खेड्यापाड्यांत पोहोचला आहे. छपरावरचे किंवा शेतातले पावसाचे पाणी खड्ड्यातील दगड, खडी व वाळूच्या थरांतून गाळून विहिरीत सोडतात, आणि ज्यांनी ते केले ते शेतकरी 'विहीर भरली' असे म्हणतात.